मिस्त्रींच्या नातीची अरबी

तापलेल्या रबराचा वास, त्याच्याखाली ग्रीसचा गोडसर थर, आणि सडा मारल्यावर अंगणातून उठणारा ओल्या कोळसाधुळीचा वास. वणीतल्या माझ्या घराची मागची भिंत मला याच क्रमाने आठवते. भिंतीपलीकडे ट्रक दुरुस्तीचे गॅरेज आहे. खाणीवरून येणारे टिप्पर तिथे दिवसभर ब्रेकची हवा सोडत उभे असतात. थोराड जनावराने दमून बसकण मारावी, तसा तो आवाज. त्या आवाजांच्या फटीतून एका सकाळी मला एक निराळाच स्वर ऐकू आला. घशाच्या अगदी तळाशी, जिथून आपण फार तर खोकला काढतो, तिथून निघालेला, आणि तरीही इतका मऊ की हातातली बादली खाली ठेवायचे मला सुचले नाही.

पलीकडे सहा वर्षांची एक मुलगी शेळीशी बोलत होती. तिची काहीतरी लांबलचक तक्रार होती. हातवारे करून ती मांडत होती, मध्येच स्वतःच स्वतःला उत्तर देत होती, आणि वाक्य संपले की शेळीचा कान हलकेच ओढत होती. शेळी पाला चघळत ऐकून घेत होती. त्या बोलण्यातला एकही शब्द मला कळला नाही; पण त्याला लय होती, यती होता, आणि शेवटी शेवटी तर सरळ भांडणाचा ठेका होता.

ही मिस्त्रींची नात. मिस्त्री म्हणजे गॅरेजचे मालक. सत्तरी ओलांडलेले, नाकावर चष्मा आणि कानावर पेन्सिल असणारे, इंजिनाला कान लावून त्याचे दुखणे सांगणारे. त्यांची मुलगी लग्नानंतर नवऱ्यासोबत आखाती देशात गेली होती. ती दिवसभर शिवणाच्या दुकानात असे, आणि तिथेच जन्मलेली तिची लेक सकाळपासून सांजेपर्यंत समोरच्या दारातल्या म्हाताऱ्या शेजारणीकडे. शेजारीण जॉर्डनची. मुलीचे पहिले शब्द त्या बाईच्या स्वयंपाकघरात उमटले आणि तिथेच वाढले. आईची वऱ्हाडी मुलीला कळे. तोंडातून मात्र यायची ती शेजारणीचीच. मग वडिलांना जी नवी नोकरी मिळाली, तिच्यात राहायला फक्त एक खाट होती. आई आणि मुलगी वणीला परतल्या. शेजारीण तिकडेच राहिली.

जून महिन्यात मुलीचे नाव गल्लीच्या टोकाच्या मराठी शाळेत पहिलीत घातले गेले, आणि सप्टेंबरात तिची आई माझ्या ओसरीवर येऊन बसली. ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत ती म्हणाली, "मॅडम, तुमी कॉलेजात भाषा शिकवत होत्या ना? माह्यावर एक उपकार करा."

शाळेत मुलगी एक अक्षर बोलत नव्हती. पहिल्या आठवड्यात जे बोलली त्यावर अख्खा वर्ग हसला, आणि तेव्हापासून तिने ओठ मिटले ते मिटलेच. मोठ्या बाईंनी नोंदवहीत तिच्या नावासमोर लिहिले होते : 'बोलत नाही'. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती निदान एक शब्द बोलली नाही, तर यवतमाळहून डॉक्टरांचा दाखला आणावा, आणि मग तिला तिथल्याच मूक मुलांच्या निवासी शाळेत घालणे तिच्या हिताचे होईल, असे त्यांनी आईला समजावून सांगितले होते. त्या बाई कठोर नव्हत्या. त्यांना खरोखरच त्यात मुलीचे हित दिसत होते.

"घरी तिचं तोंड बंद होत नाही," आई म्हणाली, "आन् तिकडे मुकी म्हणून लिवलं. मुक्याईच्या शाळेत थे दिवसभर अरबी बोलंन, तं थे लोक तिले कोणत्या शाळेत धाडतीन? आन् राह्याचं तिकडेच, मॅडम. माह्याशिवाय. समोरची अम्मा सुटली तिची, आता मी सुटू का?"

मी होकार दिला. रोज दुपारी मुलगी माझ्याकडे येऊ लागली. मी रंगीत चित्रे काढली, शब्द निवडले, आणि ज्या काळजीने एकेकाळी कॉलेजात कवितेचे छंद शिकवत असे त्याच काळजीने प्रत्येक अक्षर उच्चारून तिला म्हणत असे, "हा चेंडू आहे. चेंडू लाल आहे. सांग पाहू, चेंडूचा रंग कोणता आहे?" मुलगी पाय दुमडून, हात मांडीवर ठेवून, अतिशय अदबीने माझ्याकडे पाहत राही. डोळ्यांत तिच्या खरे कुतूहल असे. मधूनच ती तळहात तोंडावर दाबून खाली बघे. लाजते आहे, अशी मी समजूत करून घेतली.

दरम्यान भिंतीपलीकडे दुसरेच काही घडू लागले होते.

आमच्याकडे मशिदीच्या दाराशी संध्याकाळच्या नमाजाच्या वेळी पाण्याची बाटली किंवा किरकिरे लेकरू घेऊन उभे राहण्याची जुनी रीत आहे. नमाज आटोपून बाहेर पडणारा माणूस ओठात काही पुटपुटून त्यावर फुंकर घालतो. त्या ओळीत कोण कुठल्या घरचे आहे हे कोणी पाहत नाही. तापलेल्या लेकराची आई एवढीच ओळख पुरते. मिस्त्रींच्या नातीच्या तोंडून अस्सल अरबी वाहते, ही बातमी त्या ओळीत पोचायला किती वेळ लागणार? पहिली बाटली मिस्त्रींच्या विहीणबाईंनी आणली. दुसरी भाजीवालीने. आठवड्याभरात गॅरेजच्या फाटकाशी, ग्रीसच्या डब्यांशेजारी, बायांची ओळ लागू लागली.

मुलीला टायरवर बसवत. बाटलीचे झाकण उघडून तोंड तिच्या तोंडाजवळ धरत. मुलगी बाटलीत बघे आणि मग बोले. बाया डोळे मिटून घेत.

"काय बोलते ती?" मी एकदा तिच्या आईला भिंतीवरून हळूच विचारले.

आईने आजूबाजूला पाहिले. "म्हणते, मा बिद्दी बातिंजान."

"म्हणजे?"

"मले वांगं नको."

दुपारी घरात वांग्याची भाजी झाली होती आणि मुलीचा राग अजून शमला नव्हता. ती तक्रार अकरा बाटल्यांत भरून गावभर गेली. दुसऱ्या दिवशी तिने बायांना सांगितले की मला शू लागली आहे. त्या पाण्याने म्हणे एका म्हातारीचा जुनाट खोकला सुटला. एका ट्रकमालकाने नवा कोरा टिप्पर आणून त्याचे बॉनेट उघडले, आणि इंजिनाला दोन शब्द सांगावेत अशी विनंती केली. मुलीने आत डोकावून नाक मुरडले आणि स्पष्ट, दोनच शब्द सांगितले. ट्रकमालकाने हात जोडले. आईने मला नंतर सांगितले की ते दोन शब्द दुर्गंधीविषयी होते.

मिस्त्रींनी आईला बजावून ठेवले होते, "तर्जुमा कराचा नाही. अरबी हाय ना? बस. मतलब कायले पायजे लोकाईले?"

लिहायला संकोच वाटतो, पण लिहायला हवे : एका दुपारी मीही बाटली नेली. गुडघा फार दुखत होता. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, हे मी ओळीत उभी राहून शेजारच्या बाईंना दोनदा सांगितले. त्या म्हणाल्या, "माहाही नाही, मॅडम," आणि आपली बाटली पुढे सरकवली. माझी पाळी आली तेव्हा मुलीने बाटलीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. ज्या बाई रोज दुपारी चेंडूचा रंग विचारतात त्याही आता झाकण उघडून उभ्या होत्या. तिने फुंकर घातली नाही, बोललीही नाही. खांदे खाली टाकून एक सुस्कारा तेवढा सोडला. तो मी घरी आणला आणि प्याले. गुडघ्याला फरक पडला नाही.

ही वार्ता शेवटी मौलानासाहेबांपर्यंत गेली. मौलानासाहेब मोहल्ल्यातल्या मुलांना सकाळी कुराण वाचायला शिकवत. कृश, उंच, मेंदी लावलेल्या दाढीचे, आणि बोलण्याआधी क्षणभर थांबणारे. ते फाटकाशी आले, ओळ पाहिली, आणि बायांना अतिशय सौम्यपणे म्हणाले, "माँजी, बहनजी, घरी जा. फुंकर घालायला अल्लाचा कलाम लागतो. लेकरू वांग्यावर रुसलं, याला कलाम म्हणत नाहीत."

तेव्हा मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली. "मौलानासाहेब, इज्जत तुमची सिर आंखों पर. पण अरबी तं हाय ना थे?"

मौलानासाहेबांनी मान हलवली. "दोनदा ऐकली मी. मिस्त्री, ही अरबी नाही. अरबी मी अठरा वर्षं शिकलो. यातले निम्मे लफ्ज किताबात नाहीत."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्यांनी मोहल्ल्याला, ट्रकवाल्यांना, चंद्रपूरच्या नातेवाइकांना सांगून ठेवले होते की आमच्या घरात अरबी उतरली आहे. तिला परत पाठवणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले.

"मॅडम, शुक्रवारी दुपारी गॅरेज बंद राहीन. मौलानासाहेब पोट्टीची परीक्षा घेणार हाय. तुमी पंच."

"अहो मिस्त्री, मला अरबीचे एक अक्षर येत नाही."

"म्हणूनच तं! ज्याले येते, थो आपली बाजू पाहीन. पंचाले काही येऊ नाही. तुमी नुसतं कान देऊन आयका. खरं सामान वाजते ना, तवा कळतेच. बेरिंग खराब असलं तं मी उघडून पाह्यतो का?"

शुक्रवारी मी गेले.

मौलानासाहेब अत्तर लावून आले होते. पांढरा कडक अंगरखा, खिशात शाईचे पेन, हातात वही. ते किती आतुर आहेत हे मला तेव्हा उमजले. अठरा वर्षे त्यांनी ही भाषा शिकली, त्याच्या दुप्पट वर्षे शिकवली, आणि आयुष्यात कोणाही माणसाने त्यांना त्या भाषेत उत्तर दिले नव्हते. आज समोर जी बसणार होती तिचे दुधाचे दात पडत होते. पण ती उत्तर देऊ शकत होती.

मुलगी टायरवर बसली. मौलानासाहेब स्टुलावर बसले, क्षणभर थांबले, आणि प्रत्येक स्वर पूर्ण उमलू देत, प्रत्येक शब्दाचा शेवट नीट बांधून म्हणाले, "मस्मुकि, अय्यतुहल् बिन्तुस्सगीरा?"

हे लहान मुली, तुझे नाव काय? इतकेच विचारले होते. पण ते वाक्य घासूनपुसून ठेवलेल्या पितळी समईसारखे होते. पंच म्हणून मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला.

मुलीने मौलानासाहेबांकडे पाहिले. तिचे डोळे मोठे झाले. ओठ थरथरले. मग ती हसली. इतकी हसली की टायरच्या मधल्या पोकळीत घसरली आणि तिथूनही हसत राहिली. फक्त दोन पाय वर दिसत होते.

मिस्त्री ओरडले, "अवं, काहून हासून राह्यली? मौलानासाहेब होत थे!"

मुलगी आतूनच काहीतरी बोलली. तिच्या आईने कपाळाला हात लावला.

"काय म्हणाली?" मौलानासाहेबांनी विचारले.

आईने ओढणी तोंडाशी नेली.

"बोल बेटा. तर्जुमा कर."

"म्हणते," आई जमिनीकडे पाहत म्हणाली, "हे बाबा कार्टूनसारखे बोलतात."

मग तिने खुलासा केला. तिकडे घरात, जिन्यात, बाजारात असे कोणी बोलत नाही. असे बोलतात ते टीव्हीवरच्या बातम्यांत, आणि मुलांच्या कार्टूनमधले उंदीर, राजपुत्र आणि उडणारे समुद्री चाचे. बातम्या मुलगी पाहत नसे. त्यामुळे दाढी असलेला, जिवंत, समोर बसलेला माणूस असे बोलू शकतो, हे तिने पहिल्यांदाच पाहिले होते.

मौलानासाहेबांनी वही मिटली. "शेजारणीनं तुझं नाव कसं विचारलं असतं?" त्यांनी तिला नाही, आईला विचारले.

"शू इस्मिक," आई पुटपुटली.

"शू इस्मिक," ते स्वतःशीच म्हणाले. जिभेवर खडा आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "अठरा वर्षांचं काम दोन लफ्जांत? नाही मिस्त्री. ही अरबी नाही." आणि ते अत्तराचा दरवळ मागे ठेवून निघून गेले.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. पंच म्हणून मी काहीतरी बोलायला हवे होते. वऱ्हाडातल्या घरात वाढून, पुढे आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या वह्यांतले 'मले' आणि 'तुले' लाल शाईने खोडणाऱ्या बाईने यावर काय बोलावे? मी म्हणाले, "विचार करावा लागेल." पंचाचे हे वाक्य गॅरेजात कोणालाच पुरले नाही.

त्या दिवसापासून मिस्त्रींनी नातीची भाषा दुरुस्त करायला घेतली. इंजिन दुरुस्त करतात तशीच : चुकीचा आवाज आला की थांबवायचे. मुलीने शेळीला हाक मारली की ते ट्रकखालून ओरडत, "तशी नाही! मौलानासाहेबावानी म्हण!" तिने पाणी मागितले की आजीही म्हणे, "साजरी अरबी बोल ना माय, थ्या तिकडल्या बाईवानी नको." दोघांनाही अरबी येत नव्हती. तरीही दोघेही तिच्या चुका काढत होते. चार दिवस मुलगी गोंधळून दोघांकडे पाहत राहिली. पाचव्या दिवशी तिने बोलणेच सोडले. शेळीशीसुद्धा.

भिंतीपलीकडचा तो मऊ, खोल स्वर थांबला तेव्हा मला सकाळी सडा मारताना ओकेबोके वाटू लागले. ब्रेकची हवा, हातोडीचा ठणठणाट, आणि मध्ये काहीच नाही. आई माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती, यानेच मी घाबरले. दिवाळीच्या सुट्टीला नऊ दिवस राहिले होते.

"आता दाखला खरा मिळंन, मॅडम," ती म्हणाली. "मीच मुकी केली तिले. तिकडेच खाटेखाली राह्यलो असतो, तं बोलत तं असती."

मी मौलानासाहेबांकडे गेले. दुपारची वेळ होती. ते मशिदीच्या पायरीवर एकटेच बसले होते. मी सगळे सांगितले. शेळीचेही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मॅडमजी, पचास साल किताब से बात की. किताब कभी हँसी नहीं. ती पोरगी हसली आणि मी उठून आलो." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "तिला कार्टून पाहिजे ना? तर कार्टूनच होऊ."

दुसऱ्या दिवशी मौलानासाहेब गॅरेजात आले. मिस्त्री ट्रकखाली होते, आई बाजेवर भाजी निवडत होती, मुलगी शेळीशेजारी मुकाट बसली होती. मौलानासाहेबांनी कोणाला सलामही केला नाही. ते थेट एका उभ्या टायरमागे गेले, खाली बसले, आणि टायरच्या पोकळीतून फक्त दाढी आणि चष्मा बाहेर काढून, छपरावरचे कबूतर उडेल अशा आवाजात शेळीला विचारले की हे आदरणीय शेळी, या नगरातील समस्त पाला तूच भक्षण केलास काय? हा अर्थ मला आईने नंतर सांगितला. अरबीत ते वाक्य अकरा-बारा शब्दांचे होते आणि त्याचा एकेक प्रत्यय जागच्या जागी होता, असे मौलानासाहेबांनी स्वतःच मला आवर्जून सांगितले.

मिस्त्री ट्रकखालून सरपटत बाहेर आले. "मौलानासाहेब, तबियत बरी हाय ना?"

"चूप रहो मिस्त्री, अभी मैं उंदीर हूँ."

मुलीच्या ओठांचा एक कोपरा हलला. मौलानासाहेबांनी पुन्हा एक भव्य वाक्य टाकले. शेळी उठून निघून गेली. मुलगी हसली, आणि हसता हसताच पुढे होऊन तिने मौलानासाहेबांच्या गालाला दोन बोटे लावली आणि तेच त्यांना आपल्या शब्दांत सांगितले : असे नाही, असे म्हणायचे. छोटेसे वाक्य. जिन्यातले. मौलानासाहेबांनी ते म्हणून पाहिले. तिने मान हलवली. पुन्हा. त्यांनी पुन्हा म्हटले. तिसऱ्या खेपेला तिने त्यांना पास केले. त्यांनी खिशातून वही काढली, पेनाचे टोपण उघडले आणि लिहून घेतले.

आई हातातली मेथी तशीच धरून उभी राहिली होती.

मग ते रोज येऊ लागले. अर्धा तास ते उंदीर असत, अर्धा तास विद्यार्थी. एकदा मला वही दाखवून म्हणाले, "हे बघा. बाब म्हणजे दार. पुष्कळ दारं म्हणजे अबवाब. हे घडवायला मुलं आमच्याकडे साल घालवतात, रडतात. आणि ही म्हणते बाबात! शेपूट लावलं की झालं!"

आई म्हणाली, "मौलानासाहेब, थे तं तिकडच्या लेकराईतही चूक हाय. अम्मा हासे तिले."

"मग ही चूक आहे?"

"हाव. पण सगळे लेकरं करतात."

मौलानासाहेबांनी विचार केला आणि वहीत बाबातखाली रेघ मारली. मला उगाच माझी धाकटी बहीण आठवली. 'केलं' सोडून वर्षभर 'करलं' म्हणणारी. मीच ते मोडून काढले होते. ती तेव्हा चार वर्षांची होती आणि मी नऊ.

मुलीचा आवाज परत आला. शेळीचा कान पुन्हा ओढला जाऊ लागला. मिस्त्रींनी दुरुस्ती थांबवली. नात मौलानासाहेबांना शिकवते, हे सांगायला त्यांना पहिल्यापेक्षाही बरे वाटत होते. बाटल्यांची ओळ मौलानासाहेबांनी एका नजरेत उठवली होती. पण मराठी? तिचा एक शब्द नव्हता. संध्याकाळी गल्लीतल्या पोरींबरोबर ती धावे, पडे, रुसे. पण काही लागलेच तर बाही ओढून दाखवी. माझी चित्रे, माझा चेंडू, सगळे व्यर्थ चालले होते.

सुट्टीच्या आदल्या दिवशी मोठ्या बाई गृहभेटीला आल्या. गॅरेजात खुर्ची नव्हती, म्हणून मिस्त्रींनी ट्रकची एक सीट उतरवून पुसून ठेवली. बाईंनी तिच्यावर बसून नोंदवही उघडली. मिस्त्री, आई, मौलानासाहेब आणि मी असे आम्ही भिंतीशी ओळीने उभे राहिलो. आमचाच निकाल लागायचा होता. मुलीला समोरच्या टायरवर बसवले. तिच्या हाताला शेळीचा वास येत होता.

बाईंनी प्रेमाने, सावकाश, शाळेतल्या फळ्यावर लिहावे तशा स्वच्छ मराठीत विचारले, "बाळा, तुझे नाव काय आहे? तुला शाळेत यायला आवडते ना? मला पूर्ण वाक्यात उत्तर दे पाहू."

मुलीने तळहात तोंडावर दाबला. खाली पाहिले. मी तो हावभाव ओळखत होते. महिनाभर रोज दुपारी पाहिला होता. मग तिचा हात सुटला आणि हसू बाहेर आले. तेच, टायरमध्ये घसरवणारे हसू.

बाईंचा चेहरा लाल झाला. "यात हसण्यासारखे काय आहे?"

मुलीने आईकडे वळून अरबीत एक वाक्य सांगितले. आई पांढरीफटक पडली. पण मौलानासाहेबांना ते आता समजत होते. त्यांनी छताकडे पाहिले. त्यांची दाढी हलत होती.

"काय म्हणाली?" मी त्यांच्या कानाशी विचारले.

"म्हणते," ते ओठ न हलवता म्हणाले, "ही पण कार्टून. आणि तुम्ही पण, मॅडमजी. आमचे कार्टून म्हणे उडतात तरी."

बाईंनी पेनाचे टोपण काढले. "हे पाहा," त्या आईला म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरोखरच दुखावलेला होता, "मी वाट पाहिली. आणखी किती पाहू? मी यवतमाळच्या शाळेसाठी पत्र देते. तिथे तिची नीट काळजी घेतील." पेनाचे टोक नोंदवहीवर टेकले. आईने माझा हात धरला. तिची नखे मला रुतत होती.

मी पुढे गेले. मुलीसमोर जमिनीवर, ग्रीसच्या डागावर, दुखऱ्या गुडघ्यासकट बसले. काय विचारायचे ते मी ठरवले नव्हते. माझ्या आईच्या तोंडची, मी कॉलेजात जाताना घरी काढून ठेवलेली, माझ्या लेकींना कधीही न दिलेली बोली वर आली, घशाच्या बऱ्याच खालून. माझा मलाच आवाज अनोळखी वाटला.

"कावं पोट्टे," मी म्हणाले, "शाळेत जाशीन का नाही तू? का बकरीच्या मांगं हिंडशीन जलमभर?"

हसू थांबले. मुलगी पुढे वाकली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले, ओठांकडे, जसे तिने मौलानासाहेबांच्या गालाला बोटे लावताना पाहिले होते. या बाईच्या आत कोणीतरी राहते की काय, हे तपासून घ्यावे तसे. बाईंचे पेन थांबले. बाहेर एका टिप्परने हवा सोडली.

मग मान किंचित तिरकी करून, भुवया चढवून, गल्लीतल्या कोणत्याही पोरीने म्हणावे तसे तिने मला विचारले :

"कायले?"